शुक्रवारची मेल

"मेल आली का?" मॅनेजरसाहेबांनी दारातूनच विचारलं. शुक्रवारचे आठ वाजले होते आणि पोपट सर्व्हरसमोर खुर्ची ओढत होता.

"दोन मिनिटं, साहेब."

कुरकुंभच्या त्या केमिकल कारखान्यात गुरुवारी वीज नसे, त्यामुळे सर्व्हरही बंद. शुक्रवारी सर्व्हर चालू केला तरी त्यातल्या मेलच्या तीन सर्व्हिसेस आपोआप उठत नसत. पोपट त्या एकेक करून हाताने चालू करी, मग अडकलेल्या ऑर्डरी भराभर येऊन पडत. कासुर्डीचा हा माणूस स्टोअरमध्ये कंत्राटावर कारकून म्हणून लागला होता आणि कुणी न शिकवता एवढं शिकला होता. दोन वर्षं शुक्रवार त्याचा होता.

जूनमध्ये पुण्याहून सुमित आला. डिग्रीवाला, पर्मनंट, वय सव्वीस. साहेब त्याला 'सुमितजी' म्हणत आणि पोपटला नुसतं 'पोपट'. खरं सांगायचं तर पोपट जळत होता, आणि जळायला त्याला रोज काहीतरी नवं सापडे. सुमितने डब्यातली चकली पुढे केली तरी ती त्याला घशाखाली उतरत नसे.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी सुमितला विचारलं होतं, "हे आपोआप नाही का चालू होणार?"

सुमितने दोन दिवस मशीन उलटंपालटं करून पाहिलं. "नाही, साहेब. मशीन जुनं आहे. शुक्रवारी माणूस लागणारच. पोपटराव आहेत म्हणून चाललंय."

डिग्री असून जमलं नाही आणि वर मलाच लोणी लावतोय, असं पोपटच्या मनात आलं. त्याच महिन्यात स्टोअरमधली कंत्राटाची बाकीची तिन्ही माणसं घरी बसली. पोपट राहिला. आपल्या हुशारीवर राहिलो, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"तुमच्या पर्मनंटचं काय झालं?" बायको साधना अधूनमधून विचारी.

"त्या सुमितला मागं टाकलं की व्हतंय बग."

मागं टाकायचं म्हणून त्याने दौंडला रविवारचा कॉम्प्युटर क्लास लावला. चाळिशीत, कॉलेजच्या मुलामुलींच्या शेजारी बसून तो वहीत उतरवून घेई. चौथ्या रविवारी त्याने सरांना सर्व्हिसेसचं विचारलं. सर म्हणाले, "सेटिंग बघा. ऑटोमॅटिक असेल तर सर्व्हिस मशीनबरोबर उठते. मॅन्युअल असेल तर माणसानं उठवायची."

सोमवारी त्याने पाहिलं. तिन्ही मॅन्युअल. त्याने तिन्ही ऑटोमॅटिक केल्या, कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी सर्व्हर चालू केला, तर मेल मेलेलीच. सेटिंग पुन्हा मॅन्युअल. त्याने ती परत ऑटोमॅटिक करून ठेवली.

पासवर्ड त्याला आणि सुमितला, दोघांनाच माहीत होता.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी पोपट स्टोअरच्या काचेमागे उभा राहिला. सर्व्हर बंद करण्याआधी सुमितने इकडेतिकडे पाहिलं, तीच यादी उघडली आणि तीनदा क्लिक केलं.

"मुद्दाम बिघडवतंय ते," घरी आल्या आल्या पोपट म्हणाला.

"आन् त्यात त्याला काय मिळतंय?"

"मला पुढं जाऊ द्यायचं न्हाई त्याला. दुसरं काय?"

साधनाने भाकरी उलटली. "त्यालाच इचारून बगा की."

"चोराला कोन इचारतं?"

त्यानंतरच्या बुधवारी सुमित गेटबाहेर पडेपर्यंत तो थांबला. सर्व्हर पुन्हा चालू केला, तिन्ही सर्व्हिसेस ऑटोमॅटिक केल्या, बंद केला. शुक्रवारी साडेसातलाच त्याने साहेबांना सर्व्हरपाशी आणलं.

"साहेब, आज मी हात लावत न्हाई. तुम्हीच बटण दाबा."

साहेबांनी बटण दाबलं. पोपट हात मागे बांधून उभा होता. तीन-चार मिनिटं गेली आणि मेल येऊ लागली. एक, चार, अकरा. साहेब चष्मा काढून पाहत राहिले.

"कुणी केलं हे?"

"मीच, साहेब." मग त्याने सगळंच सांगितलं. दौंडचा क्लास, सेटिंग, बुधवार, काचेतून दिसलेलं ते क्लिक. दिवस, वेळ, काही सोडलं नाही. बोलताना त्याला इतकं हलकं वाटत होतं, की किती महिन्यांत तसं वाटलं नव्हतं.

सुमितला बोलावलं. त्याने स्क्रीनवरची मेल पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. साहेबांकडे न पाहता तो पोपटकडेच पाहत राहिला. पोपटने नजर हटवली नाही.

"हे खरं आहे, सुमितजी?"

"हो."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "जूनमध्ये हेड ऑफिसनं कंत्राटाची चारही नावं काढायला सांगितली होती. मेल चालू करायला माणूस लागतोच, असं तुम्ही लिहून दिलंत, म्हणून मी एक नाव ठेवलं. पोपटचं."