मामंजींची मागणी

मामंजी निजाम सरकारच्या कायदेमंडळात मेंबर झाले आणि काम वाढलं ते माझं. तिथं सगळं उर्दूत चालायचं, आणि मामंजींचं उर्दू मोंढ्यातल्या भावतावापुरतं. मी हैदराबादला कॉलेजात उर्दूतून शिकलेली. मग त्यांची भाषणं मी लिहायची आणि लेकीला मांडीवर थोपटत, दाराआडून त्यांच्याकडून घोकून घ्यायची.

या खेपेला मी पहिल्यांदाच त्यात आपली एक मागणी घातली. बदनापूरला बाळंतपणासाठी डॉक्टरीणबाई हवी. लेकीच्या वेळी जालन्याला नेताना बैलगाडीत मी जवळजवळ गेलेच होते. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि माझी झोप उडाली होती.

मामंजी हैदराबादहून परतले ते ओसरीवरूनच सांगत आले, "सूनबाई, बोललो! बिलकुल अडखळलो न्हाई. मेंबरांनी बाकं वाजवली, सदरसाहेबांनी मान डोलवली. एकानंबी विरोध केला न्हाई बघ. मागणी जागच्या जागी मंजूर!"

मी दाराला टेकून खालीच बसले. कितीतरी दिवसांनी श्वास पुरता आत गेला.

"मग बाई कधी येणार, मामंजी?"

फेटा सोडता सोडता मामंजींचा हात थांबला.



"बाई न्हाई, पोरी. एवढ्या मोठ्या माणसांपुढं बायांच्या बाळंतपणाचं बोलायची लाज वाटली, मंग म्या गाभण म्हशींसाठी डॉक्टर मागितला."