ग्लासभर गाजर

उकडलेली गाजरं, भिजवलेले काजू आणि थंड दूध मिक्सरमधून फिरवून ऋजुताने दाटसर शेक केला. सासूबाईंनी ग्लास हळूच बाजूला सारला.

“माझ्या हातचं चालत नाही का तुम्हाला?” ती फणकारली.

त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि ग्लास रिकामा केला. “छान झालाय हो!”

संध्याकाळी तिने हे मिरवत सांगितलं, तेव्हा नवऱ्याचा चेहराच उतरला. “अगं, बाळंतपणात तुझ्या जिवावर बेतलं होतं ना? तू वाचलीस म्हणून आईने काशीला जाऊन गाजर सोडलं होतं. तिच्या सगळ्यात आवडीचं!”

ऋजुता धावली, पण देवघराच्या दारातच थबकली. आत सासूबाई पुटपुटत होत्या.

“देवा, आजपासून चहा सोडते. पण पोरीला जप.”