दारावरचं स्टिकर

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका होम केअर ऑफिसात मैत्रेयी सेविकांच्या हजेरीचं काम बघायची. पेशंटच्या दारावर लावलेलं स्टिकर सेविकेनं येताना आणि जाताना फोनने स्कॅन करायचं, एवढा साधा नियम. पण सविताआजींकडे जाणाऱ्या ग्लेंडाची निघायची वेळ महिनाभर रोज तासाभराने उशिरा पडत होती. विचारलं की ती नुसती मान खाली घालायची. ही तास वाढवून दाखवतेय, असं ठरवून साहेबांनी तिला कामावरून काढायचं पत्र मैत्रेयीच्या हातात दिलं.

ते घेऊन मैत्रेयी आजींच्या ईस्ट कोस्टच्या फ्लॅटवर पोचली, तर दारावर स्टिकरच नव्हतं.

"आजी, इथलं स्टिकर कुठे गेलं?"

आजींनी ते देव्हाऱ्याखालून अलगद काढलं. "ती आत आली की मी काढून ठेवते. स्कॅन केल्याशिवाय तिला जाता येत नाही ना! मग शोधता शोधता चहा घेते, माझ्याजवळ बसते." लगेच आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या मुलाला सांगू नकोस हं, चिडेल."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या ग्लेंडाला ही जागा केव्हाची माहीत होती, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

मैत्रेयीला इतकं हलकं वाटलं की पत्र तिने तिथल्या तिथे फाडलं. आजींच्या आग्रहाखातर चहा घेतला आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून ती घाईने उठली.

दाराबाहेर तिची एकच चप्पल होती.