दुसरी चाल

“मले वाटलं, चुकून रेकॉर्ड झालं असन,” किशोर आईला म्हणाला. “नुसतं आऽ आऽ, मग मधातच चुप, मग एखादा शब्द. नव्या फोनमध्ये घेतलंच नाई ते. तुहा जुना तर दुकानात देऊन आलो. त्यायनं समोरच सगळं पुसलं.”

यशोदाबाईंचा मेथी निवडणारा हात थांबला. शेजारच्या खाटेवर त्यांचे यजमान माधवराव उठून बसले होते. गळ्याला पट्टी, पट्टीखाली भोक. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कान शाबूत होते, तेवढीच पंचाईत.

माधवरावांनी देवळीच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलं आणि तीस वर्षं तंबाखूचा खर्रा खाल्ला. दोन्ही मनापासून. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रार्थनेतली आपली चाल यशोदाबाईंच्या फोनमध्ये गाऊन ठेवली. आपली म्हणजे दुसरी. पहिली यशोदाबाईंची. दोन्ही एकाच वेळी गायच्या. ती उतरते तेव्हा ही चढते, ती थांबते तेव्हा ही चालत राहते. कोणी कोणाच्या मागं नाही. रोज संध्याकाळी यशोदाबाई ते रेकॉर्डिंग लावून त्या आवाजाबरोबर गायच्या.

“मले एकदा विचारायचं तरी होतं रे!” त्यांना रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. “आता कुठून आणू तो आवाज?”

“मी काय जाणून केलं? गाणं वाटतच नोतं ते.”

“एकट्याचं नाईच वाटत.”

माधवरावांनी टिचकी वाजवली. एक, दोन. सुरू करायची त्यांची शाळेतली खूण. यशोदाबाईंनी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी पुन्हा वाजवली, या वेळी चिडून.

मांडीवर मेथी तशीच ठेवून त्या गाऊ लागल्या. आवाज आधी कापला, मग लागला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मधोमध त्या थांबल्या.

खोलीत काहीच वाजेना. माधवरावांचे ओठ तेवढे हलत होते आणि गळ्याच्या पट्टीतून वारा येत-जात होता.

किशोरला राहवलं नाही. “आई, थांबली काऊन? विसरली का?”

“चुप बस.” यशोदाबाईंनी माधवरावांवरची नजर काढली नाही. “तुहे बाबा गाऊन राह्यले.”