उचलून आपटणे बंद

पडद्यावर साईच्या टकल्याने निकिताच्या शेंडीवालीला उचललं, आपटलं, आणि निकिता फायनलचा पहिला गेम हरली.

"ए, चीटिंग! चीटिंग चाललीय ही!" निकिताचा बाप योगेश पहिल्या रांगेतून ओरडला. गंगापूर रोडचा तो हॉल पोरांनी भरला होता. सगळी पोरं खदखदून हसली.

पंचाच्या खुर्चीतली चैताली खाली वाकली. "काका, थ्रो आहे तो. गेमच्या पहिल्या भागापासून आहे. बसा बरं."

योगेश बसला. पहिल्या भागाचं त्याला काय सांगता! 'स्टोन थंडर'चा पहिला भाग आला तेव्हा ही चैताली जन्मलीही नसेल. पंचवटीतल्या फकिराशेठच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, त्या मशीनपुढे, योगेशची अख्खी दहावी गेली होती. लढवय्यांची इंग्रजी नावं वाचायला वेळ कोणाला होता? तुळतुळीत डोक्याचा तो टकल्या, उंच केस बांधलेली ती शेंडीवाली. दुसऱ्या भागात नवी मंडळी आली. तिसऱ्यात कंपनीला शहाणपण सुचलं, सगळं थ्रीडी केलं आणि गेम झोपला. चौथा कधी आला नि गेला, कळलंच नाही. पार्लरं बंद पडली. फकिराशेठने मशीन भंगारात घातलं आणि तिथे झेरॉक्स टाकलं. मग पाचव्या भागात टकल्या परत आला, त्याच्या मागे पब्लिकही आली. आता आठवा चालू आहे. टकल्याला सुरकुत्यासुद्धा काढल्यात. चित्रं बदलली, आवाज बदलले, बटणं वाढली. उचलून आपटणं तेवढं पहिल्यापासून तसंच आहे.

फकिराशेठकडे मात्र ते चालत नसे. मशीनच्या डोक्यावर खडूने लिहिलेलं होतं, 'उचलून आपटणे बंद'. आपटलं की बखोट धरून बाहेर. ठोसे मारा, लाथा मारा, पण पकडायचं नाही. पकडून आपटणं म्हणजे चिंधीगिरी.

तोच कायदा योगेशने घरात आणला. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं बाजारात टाकून तो परत आला की जेवणाआधी घरच्या टीव्हीवर बापलेकीचा एक डाव ठरलेला. निकिता बालवाडीत होती तेव्हापासून. "इमानात खेळायचं निकू," तो सांगायचा. "आपटणारा भित्रा असतो." निकिताने त्याला कधी म्हणजे कधी आपटलं नाही. योगेशला याचं भारी कौतुक. बाजारात गिऱ्हाईक नसलं की शेजारच्या गाळेवाल्याला तो हेच ऐकवत बसे.

आज सकाळच्या मॅच त्याला बघता आल्या नव्हत्या. लग्नाच्या हारांची ऑर्डर होती. तो धावतपळत पोचला तो थेट फायनलला. आणि फायनल साधी नव्हती. जिंकणारा हैदराबादला देशभरातल्या खेळाडूंशी खेळणार होता. हरली तर हे कायमचं बंद आणि मुकाट्याने डी.फार्मला प्रवेश, असं निकिताची आई उज्वला हिने जाहीर केलं होतं. उज्वलाने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

तीनपैकी दोन गेम घ्यायचे होते, एक तर गेला होता. मधल्या सुट्टीत खेळाडूजवळ एकाला जायची परवानगी असे. योगेश गेला. निकिता ओढणीला हात पुसत होती. तिचा चेहरा उतरला होता. पलीकडे नाशिक रोडचा साई निवांत पाणी पीत होता. तो पुढेही काय करणार हे उघड होतं. बचाव लावून बसायचं, संधी मिळाली की आपटायचं. बचाव लावून बसलेल्याला उचलल्याशिवाय हलवता येत नाही. योगेशला हे आजच कळलं असं नव्हतं.

"निकू," तो म्हणाला, "आपट त्याला."

"पण पप्पा, ते बंद आहे ना?"

"फकिराशेठला मी लिहायला लावलं होतं ते. राज म्हणून एक जण होता. रोज मला आपटायचा. सुटायला दोन बटणं एकदम दाबायची असतात, मला कधी जमलंच नाही. रोजचं गिऱ्हाईक म्हणून शेठने माझं ऐकलं. चीटिंग-बिटिंग काही नव्हतं. भित्रा मीच होतो."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं पोरीला हे शिकवलं, आणि आता ऐनवेळी ती आपटायला शिकणार कुठून?

"बरं," एवढंच म्हणून निकिता वळली.

दुसऱ्या गेममध्ये शेंडीवालीने टकल्याला कोपऱ्यात नेऊन आपटलं. तो उठला, परत आपटलं. तो सावध झाला, तेव्हा लाथ घातली, आणि तो लाथेला सावध झाला तेव्हा पुन्हा आपटलं. तिसरा गेम तर बघता बघता संपला. पोरं खुर्च्यांवर चढली. योगेश शिट्ट्या मारत होता, त्याचे डोळे वाहत होते आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

साई हात मिळवायला आला. "काका, मी म्हटलं हिला झालं काय! सकाळपासून सगळ्यांना आपटत आली, आणि तुम्ही येऊन बसल्यावर एकदम बंद!"

योगेशची शिट्टी ओठांतच राहिली. त्याने लेकीकडे पाहिलं.

"येत होतं तुला? मग घरी कधी..."

निकिताने हेडफोनची वायर गुंडाळत खाली बघूनच सांगितलं, "कॉम्प्युटरने आपटलं की तुम्हाला सुटता येत नाही, हे मला दुसरीत असतानाच कळलं होतं, पप्पा."