मशीनची थाप

सोलापूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत हल्ली पुस्तकाला कुणी हात लावत नाही, एसी आणि वायफायला मात्र ही झुंबड! म्हणून ग्रंथपाल प्रेमला मॅडमनी नवंच काम अंगावर घेतलं होतं. पोरांच्या प्रबंधात एआयनं घुसडलेले, मुळात कुणी लिहिलेच नाहीत असे लेख हुडकून काढायचे. त्यात त्यांचा हातखंडा झाला होता.

आज अद्वैतच्या प्रबंधात यंत्रमाग कामगारांच्या दम्यावरच्या एका लेखाचा हवाला निघाला. मॅडमनी सगळी जर्नल्स पालथी घातली, पण लेखाचा पत्ताच नाही. वर लेखक कोण, तर अद्वैतचे गाईड डॉ. देशमाने! मॅडम तरातरा त्यांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"सर, कमाल झाली की! असा लेखच जगात नाही, आणि ह्या मेल्या मशीननं तो खुशाल तुमच्या नावावर खपवलाय. नोटीस बोर्डावरच लावते बघा आता!"

सरांनी उठून आधी दार लावलं.

 

"हळू बोला, मॅडम. त्याच लेखावर मी प्रोफेसर झालोय."