टायचा रंग
“हेमिश, माझ्या ड्रेसचा रंग तुझ्या टायवरून का ठरतो?” मैत्रिणींनी “विचारून दाखव” म्हणून डिवचलं होतं, तर मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत बिनधास्त विचारलं. शाळेच्या ‘फॉर्मल’ला, म्हणजे जोडीने जायच्या निरोपाच्या पार्टीत, मुलगी ड्रेस निवडते आणि मुलगा त्याच रंगाचा टाय बांधतो, हे आमच्या वॉगा गावातलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या बॉयफ्रेंडने, हेमिशने, मात्र आधी करडा टाय घेतला आणि मग मला माझा नारंगी ड्रेस दुकानात परत करायला लावला. तो गोड हसला. “नारंगीत तू जाड दिसतेस, राणी. तुझ्या भल्यासाठीच सांगतो. आणि या पॉडकास्टवाल्या पोरींत बसणं आता बंद कर.” त्यांच्यातलीच माझी मैत्रीण टिली माझ्याकडे बघतच राहिली. आदल्या दिवशीच आम्ही सगळ्याजणींनी एका फोनभोवती बसून त्या पॉडकास्टचा एक भाग ऐकला होता. नवऱ्याने मारून टाकलेल्या बाईची बहीण त्यात सांगत होती, की शेवटच्या दिवसापर्यंत त्याने तिच्यावर हातही उचलला नव्हता. आधी तिचे कपडे ठरवले, मग तिच्या मैत्रिणी. संध्याकाळी घरी हे सगळं, पॉडकास्टमधल्या बहिणीसकट, सांगितलं, तर आई म्हणाली, “अगं, एका टायवरून कुणी इतका चांगला मुलगा सोडतं का?” बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “त्या बहिणीलाही तेव्हा असंच वाटलं होतं, आई,” मी म्हणाले. “मी सोडलंय त्याला. पार्टीला टिलीबरोबर जाणार आहे. उद्या तो दारात आला, तर मी घरी नाही असं सांगू नका. ‘ती घरीच आहे, पण तिला तुला भेटायचं नाही,’ असं सांगा.”